डक्टची किल्ली कुणाकडे?

प्रश्न : घोडबंदर रोडवर आमची तीन विंगांची, २२ मजल्यांची सोसायटी आहे. मी यंदाच सचिव झाले. आयटीत काम करणारा आमचा एक तरुण सभासद म्हणतो, इमारतीचे नकाशे, फॉर्म-बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला), पंपांचे कागद असं सगळं स्कॅन करून क्लाउडवर टाकू आणि गेटवर क्यूआर कोड लावू. आग लागली तर बंबवाले स्कॅन करतील. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ही तर चोरांची सोय. काय करावं?
– एक सचिव, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ताई, मुलाचा उत्साह मोडू नका. फक्त त्याला एकदा गेटवर उभं करा आणि सांगा : गाडीतून उतरलेल्या ऑफिसरच्या एका हातात वॉकीटॉकी असतो, आणि तो वॉचमनला विचारत असतो, “कितवा मजला? आत कोण आहे?” त्या वेळी तो साठ पानांची पीडीएफ उघडेल का?

अग्निशमन दलातल्या माझ्या नोकरीतली एक रात्र सांगतो. अडीचच्या सुमाराला मीटर रूमची वर्दी आली, ‘सी विंग’. आत शिरलो तर इमारतींवर नावं होती पारिजात, बकुळ आणि सोनचाफा. ए, बी, सी फक्त मेंटेनन्सच्या बिलावर! वॉचमन दोन दिवसांपूर्वी कामाला लागलेला. धूर जिन्यात कोंडलेला, बाहेरून काही दिसेना. पोरं होज घेऊन बकुळमध्ये चढली, आग सोनचाफ्यात. तिथे रायझरच्या, म्हणजे वर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपच्या, डक्टला कुलूप, किल्ली सचिवांच्या कपाटात आणि सचिव गावाला. कुलूप तोडलं. नकाशात आठव्या मजल्यावर रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) होता, प्रत्यक्षात तिथे ग्रिल आणि टेबल टेनिसचं टेबल. नवव्या मजल्यावर ऑक्सिजनवर असलेले आजोबा आहेत, हे त्यांचा मुलगा धावत आला तेव्हा कळलं. आजोबा वाचले. पण त्या रात्री एकही माहिती अशी नव्हती, जी त्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हती. ती फक्त आमच्यापर्यंत आली नव्हती.

म्हणून आधी एकच पान करा. त्यावर विंगचं बिलावरचं नाव आणि पाटीवरचं नाव, दोन्ही. मोठी गाडी कुठल्या गेटने वळते? खाली बेसमेंट असेल तर वरचं पोडियम किती भार घेतं? नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये ४५ टनांपर्यंतच्या बंबाचा भार पेलण्याची अट आहे. तुमच्या बिल्डरने काय केलंय, ते स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लिहून घ्या. पेव्हर ब्लॉक बघून कुणालाच सांगता येत नाही. मग फोर-वे इनलेट (बंबातून इमारतीच्या पाइपात पाणी सोडायचं तोंड) कुठे, पंप रूम कुठे, टाकी किती लिटरची, जिने किती, रेफ्युज कुठल्या मजल्यांवर, पाइप गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, जनरेटरचं डिझेल कुठे. गच्चीवर सोलर असेल तर ठळक लिहा, कारण मेन स्विच पाडला तरी उन्हात पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीत वीज असतेच. बेसमेंटमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग असेल तर तेही. बॅटरीची आग विझल्यासारखी दिसते आणि पुन्हा पेटते. शेवटी किल्ल्या. कुठल्या डक्टची किल्ली कुठल्या खिळ्यावर, आणि खिळा वॉचमनच्या केबिनमध्ये. कपाटात नाही.

हे पान लॅमिनेट करून गेटवर ठेवा, शेजारी क्यूआर लावा. त्यात चोराच्या उपयोगाचं काही नाही. सोसायटीत रोज येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला यातलं निम्मं पाठ असतं. ज्येष्ठांचं म्हणणं मजल्यांच्या नकाशांबाबत मात्र खरं आहे. ते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी, उघड्या क्यूआरवर नको. यादीत फक्त फ्लॅट नंबर, नाव-आजार काही नाही. दोन्ही गोष्टी पासवर्डखाली ठेवा, एक प्रत जवळच्या अग्निशमन केंद्रात द्या आणि एक कागदी प्रत गेटवरच्या कुलूपबंद पेटीत. बेसमेंटमध्ये रेंज जाते, हे तुमच्या आयटीवाल्यालाही माहीत असेलच!

पेटी ही काही माझ्या म्हातारपणाची हौस नाही. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या आगीत ७२ माणसं गेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांच्या हाती आतला नकाशा नव्हता. २३ जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटर किंवा ७ मजल्यांपासून पुढच्या निवासी इमारतींना नकाशे अग्निशमन दलाकडे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावे लागतात. आणि तरीही कागदी प्रत इमारतीतल्या पेटीत ठेवावीच लागते.

आता खरं अवघड काम. २००७ मध्ये न्यूयॉर्कला पाडकाम चाललेल्या डॉइश बँकेच्या इमारतीला आग लागली, त्यात अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. पाण्याचा पाइप होता, पण तळघरात तो तोडलेला, त्यामुळे वर पाणीच चढेना. स्कॅन केलेल्या नकाशात असा पाइप जन्मभर धडधाकट दिसत राहतो. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत फॉर्म-बी घ्यावा लागतो. परवानाधारक एजन्सीचा माणूस येईल त्या दिवशी पान हातात घेऊन त्याच्याबरोबर फिरा, व्हॉल्व्ह उघडून पाणी बघा, आणि पानाच्या कोपऱ्यात तारीख व सही टाका. सही तुमची हवी, ‘कमिटी’ची नको. वॉचमन बदलला की नव्याला किल्ल्यांचा खिळा त्याच दिवशी दाखवायचा.

प्रश्न : शेजारी धूर दिसला म्हणून १०१ ला फोन केला, ‘सेक्टर १७’ म्हटलं, तरी समोरचा पुन्हा पुन्हा विचारत राहिला. वेळ जातो ना यात?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : जातो, पण सेक्टर १७ वाशीत आहे, ऐरोलीत आहे आणि तुमच्याकडेही. आधी ‘कोपरखैरणे’ म्हणा, मग सेक्टर, प्लॉट नंबर, एखादी खूण. आणि फोन तुम्ही आधी ठेवू नका.