वाचकांचे प्रश्न : शेजारच्या मेक्सिकन उपाहारगृहाबद्दल कोणाचे ऐकावे?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार डोकावतो आहे. कोथरूड, कर्वेनगर, औंध, बाणेर अशा भागांत छोटी मेक्सिकन उपाहारगृहे निघाली आहेत आणि त्यांच्याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांची मते इतकी परस्परविरुद्ध आहेत की, जावे की न जावे असा पेच वाचकांना पडतो. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. उपाहारगृहांची नावे पत्रांतून वगळली आहेत, कारण प्रश्न कोणा एका दुकानाचा नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोर मेक्सिकन उपाहारगृह सुरू झाले आहे. सासूबाईंच्या मते तिथे चीज आणि मैदा यांपलीकडे काही नाही. वरच्या मजल्यावरील काकांचा मुलगा ह्यूस्टनला असतो. तो सुट्टीत आला तेव्हा ‘अगदी तिकडच्यासारखे’ अशी पावती देऊन गेला. माझ्या मैत्रिणीला मात्र सगळेच फिके लागले. खरे कोणाचे धरावे? (एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : तिघांचेही खरे असू शकते, कारण तिघे तीन वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. ह्यूस्टन टेक्सासमध्ये आहे आणि टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता. सीमेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या लोकांनी तिथे जो स्वयंपाक घडवला, त्यात गव्हाच्या टॉर्टियाला (पोळीसारख्या पातळ भाकरीला), सढळ हाताने घातलेल्या चीजला आणि जिऱ्याला मोठे स्थान आहे. नाचोज (टॉर्टियाच्या कुरकुरीत तुकड्यांवर चीज) हा पदार्थही सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात १९४०च्या दशकात इग्नासिओ अनाया यांनी अवेळी आलेल्या अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी हाताशी असलेल्या जिनसांतून तयार केला. पुण्यातील बहुतेक मेन्यूकार्डे याच सीमेवरच्या स्वयंपाकाची आहेत, त्यामुळे ह्यूस्टनहून आलेल्या मुलाला तिथे ओळखीची चव सापडली तर त्यात नवल नाही. या स्वयंपाकाला नकली ठरवण्याची घाई काही खवय्ये करतात, ती मला पटत नाही. तो एका प्रदेशाचा खराखुरा स्वयंपाक आहे.

मात्र तेवढ्यावर मेक्सिकोचे जेवण संपत नाही, हेही तितकेच खरे. दक्षिणेकडच्या वाहाका आणि पुएब्ला या भागांत अनेक जातींच्या वाळवलेल्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, मसाले आणि काही प्रकारांत कोको वाटून ‘मोले’ नावाचे दाट कालवण करतात, आणि त्याला अख्खा दिवस लागू शकतो. मका, घेवड्याच्या जाती आणि मिरची या तिघांवर उभ्या असलेल्या या परंपरेला २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. यातले फारच थोडे आपल्या गल्लीपर्यंत पोचते.

आता मैत्रिणीच्या तक्रारीविषयी. मिरची मूळची अमेरिका खंडातली असून ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली, म्हणून मेक्सिकन जेवण आपल्याहून तिखट असणारच असे आपण गृहीत धरतो. तिथे मिरची वापरतात ती जितकी तिखटपणासाठी तितकीच स्वादासाठी. वाळवलेली पोब्लानो मिरची गोडसर असते, धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची पदार्थाला धुराचा वास देते, आणि ताजी हालापेन्यो आपल्या लवंगी मिरचीपुढे सौम्यच ठरते. खरा तिखटपणा टेबलावरच्या साल्सात, म्हणजे चटणीत असतो आणि तो ज्याने त्याने आपल्या बेताने वाढून घ्यायचा असतो. तेव्हा टेबलावर साल्सा होता का, आणि तो ताजा वाटलेला होता की बाटलीतला, हे मैत्रिणीला विचारावे. साल्सा मागूनही मिळाला नसेल, तर तिची तक्रार पूर्णपणे रास्त आहे.

तिघांपैकी मी सर्वाधिक वजन सासूबाईंच्या मताला देईन. त्यांनी पदार्थाला चांगले-वाईट म्हणण्याऐवजी त्यात काय होते ते सांगितले, आणि ऐकणाऱ्याला खरा उपयोग त्याचाच होतो.

प्रश्न : जाहिरातीत टाको (सारण घालून दुमडलेला टॉर्टिया) कुरकुरीत दिसतो. आम्हाला एका ठिकाणी मऊ, दुमडलेला टाको मिळाला, तो उचलताच फाटला आणि सारण ताटलीत सांडले. दुसऱ्या ठिकाणचा फाटला नाही, पण तो मैद्याचा असावा अशी शंका आहे. ही गिऱ्हाइकाची फसवणूक म्हणावी का? (एक वाचक, औंध)

उत्तर : मऊ टाको देणे ही फसवणूक नव्हे, मेक्सिकोत टाको बहुधा मऊच असतो. आधीच दुमडून तळून ठेवलेले कडक कवच अमेरिकेत रूढ झाले आणि १९६२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘टाको बेल’सारख्या साखळी उपाहारगृहांनी ते जगभर नेले. तक्रार करायचीच असेल तर फाटण्याची करावी, आणि त्यासाठी मक्याचा टॉर्टिया कसा होतो हे माहीत असलेले बरे.

मक्याच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. ज्वारीची भाकरी थापताना आपण पिठात कढत पाणी घालून जे साधतो, ते मेक्सिकोत चुन्याने साधतात. वाळलेले मक्याचे दाणे चुना घातलेल्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी धुऊन त्यांची सुटलेली साले काढतात आणि ओले दाणेच वाटून त्याचा गोळा करतात. चुन्यामुळे हा गोळा मिळून येतो, त्याला वेगळाच खमंग वास येतो, आणि मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला घेता येते. मका युरोपात पोचला, परंतु चुन्याची ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी केवळ मक्यावर जगणाऱ्या इटली-स्पेनमधील गरीब शेतकऱ्यांना नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासले. मेक्सिकोतील खेड्यांना चुन्याने त्यापासून वाचवले होते.

मक्याचा विषय निघालाच आहे, तर एका मराठी माणसाचे नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे गदर चळवळीनंतर भटकत १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले आणि त्यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर मोठे काम केले. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले आहे. टाको खाणाऱ्या प्रत्येक पुणेकराला हे ठाऊक असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडे दुकानात मिळणारे मक्याचे पीठ या चुन्याच्या प्रक्रियेतून गेलेले नसते, म्हणून त्याचा टॉर्टिया सहज तुटतो. प्रक्रिया केलेले पीठ बहुधा बाहेरून आणवावे लागते आणि ते महाग पडते. साहजिकच काही उपाहारगृहे मक्यात मैदा मिसळतात, काही सरळ मैद्याचेच टॉर्टिया वापरतात, तर काही तयार पाकिटे आणून तव्यावर गरम करतात. यांपैकी काहीही करण्याला माझी हरकत नाही; हरकत आहे ती मेन्यूकार्डावर ‘कॉर्न’ छापून मैदा वाढण्याला. गव्हातील ग्लुटेन ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न चवीचा नसून प्रकृतीचा आहे, आणि अशा व्यक्तींनी ‘पिठात मैदा किती?’ हे ऑर्डर देण्यापूर्वी स्पष्ट विचारलेच पाहिजे.

कर्वेनगरातील एका छोट्या उपाहारगृहात भटारखाना काचेआड आहे आणि गल्ल्यापाशी उभे राहिले की तवा दिसतो. तिथली बाई लहान लिंबाएवढा गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून दाबयंत्राखाली दाबते, तवा तापल्याची खात्री करून तो पातळ, वाटोळा टॉर्टिया त्यावर टाकते, दोनदा उलटते, आणि दुसऱ्या उलटण्यानंतर तो मधोमध फुगतो. मग ती त्याला कापडात गुंडाळून टोपलीत ठेवते, कारण वाफ कोंडली तरच तो मऊ राहतो. कापडाविना उघडा ठेवलेला टॉर्टिया पाच मिनिटांत कडक होतो आणि दुमडताच चिरतो. तुमचा टाको बहुधा याच कारणाने फाटला असेल. ‘टॉर्टिया गरम आणि झाकून आणा’ एवढे वाढप्याला सांगून पाहावे. फरक पडला नाही, तर पुढच्या खेपेस दुसरे ठिकाण गाठावे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. ‘सगळे व्हेज आहे’ असे तिथे सांगतात आणि इतर गिऱ्हाइकेही तसेच म्हणतात. विश्वास ठेवावा का? (एक वाचिका, सदाशिव पेठ)

उत्तर : इतर गिऱ्हाइकांच्या सांगण्यावर ठेवू नये, त्यांनी भटारखाना पाहिलेला नसतो. मेक्सिकोत घेवडा परतताना पारंपरिक रीतीने डुकराची चरबी वापरतात आणि भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात शिजवतात. पुण्यात बहुतेक ठिकाणी तेल आणि साधे पाणीच असते, तरीही या दोन गोष्टी नेमक्या विचाराव्यात. चीजविषयी शंका असेल तर पाकिटावरील हिरवी खूण दाखवायला सांगण्यात संकोच नको. मांसाहारी पदार्थही मिळत असतील तर तवा आणि चिमटे वेगळे आहेत का, हेही विचारावे. जैन मंडळींनी कांदा-लसूण टाळून साल्सा करून मिळेल का हे आधी फोनवरच ठरवावे, कारण सकाळी वाटून ठेवलेल्या साल्सातून कांदा वेगळा काढता येत नाही.

प्रश्न : एवढीशी वाटी ग्वाकामोले (कुस्करलेल्या अ‍ॅव्होकाडोची चटणी) आणि तिची किंमत पूर्ण थाळीइतकी! वर सेवाशुल्कही लावले. आमच्या ओळखीत सगळे या ठिकाणाला ‘लूट’ म्हणतात. (एक वाचक, बाणेर)

उत्तर : दोन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहू. अ‍ॅव्होकाडो हे पुण्यात अजूनही महागाचेच फळ आहे. ते पिकले की एक-दोन दिवसांत वापरावे लागते, कापल्यावर काळे पडू लागते, आणि बरेचसे फळ बी-सालीतच जाते. म्हणून त्या वाटीच्या किमतीला मी लूट म्हणणार नाही, मात्र त्या किमतीत ती मागणी आल्यावर कुस्करलेली आणि वर ताजे लिंबू पिळलेली असली पाहिजे. तपकिरी पडलेली किंवा पाणी सुटलेली वाटी आली, तर परत पाठवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पैशांची चणचण असेल त्यांनी घेवडा आणि भात यांचे पदार्थ मागवावेत. पोट भरते, आणि भटारखान्याचा हातही त्यातच चांगला कळतो.

सेवाशुल्काचे मात्र वेगळे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उपाहारगृहाला ते बिलात परस्पर लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वे उचलून धरली. शांतपणे ते काढायला सांगावे. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जीएसटी हा सरकारी कर असून त्याच्याशी सेवाशुल्काची गल्लत करू नये.

प्रश्न : बिल देताना मालक म्हणाले, ‘पाच तारे द्या, गोड पदार्थ आमच्याकडून.’ जेवण बरे होते, पण पाच ताऱ्यांचे नव्हते. मालक सज्जन आहेत, रोज समोर दिसतात. काय करावे? (एक वाचिका, कर्वेनगर)

उत्तर : गोड पदार्थ नम्रपणे नाकारावा, किंवा त्याचे पैसे देऊन खावा. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन मतांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. मते विकत घेतलेली किंवा पक्षपाती नसावीत, ही त्यामागची भूमिका आहे. ते ऐच्छिक असले तरी शेजारधर्म त्याहून कडक असायला हवा, कारण तुमचे तारे पाहून पुढच्या गल्लीतले एखादे कुटुंब महिन्यातून एकदा बाहेर जेवण्याचे पैसे तिथे खर्च करणार असते.

मालकांविषयी तुम्हाला आपुलकी आहे, तर जे खटकले ते आधी त्यांना गल्ल्यावर, गर्दी नसताना सांगा. छोट्या उपाहारगृहाचा आचारी बदलला की चव बदलते आणि कधी कधी मालकालाही ती उशिरा कळते. त्यानंतर लिहायचे ठरवलेत तर वार, वेळ, पदार्थ आणि घडलेली गोष्ट एवढेच लिहा. वाढप्याचे नाव लिहू नका, कारण चार शब्दांपायी त्याची नोकरी जाऊ शकते. उदाहरणार्थ, बरिटो म्हणजे सारण भरलेली टॉर्टियाची गुंडाळी मागवली असेल तर : ‘शनिवारी रात्री साडेनऊला घेवड्याचा बरिटो मागवला. पाऊण तासाने आला. घेवडा मऊ शिजलेला होता, साल्सा ताजा होता, भात मात्र गार होता. सांगितल्यावर लगेच बदलून दिला.’ यात एकही विशेषण ओढूनताणून आणलेले नाही, तरी जाणाऱ्याला शनिवारी रात्री घाई असेल तर जाऊ नये हे कळते, आणि मालकांना भात कधी गार होतो हे कळते. ताऱ्यांची संख्या याच मजकुराला शोभेल तेवढी द्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्यावर भात गरम मिळाला, तर जुन्या मतात तशी दुरुस्ती करा.