पद्मिनीची पुढची चाकं जाम होतायत? तिसरा कॅलिपर आणू नका

प्रीमियर पद्मिनी गाडीला पुढे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले, पाच-सहा किलोमीटर गेलं की पेडल दगड होतं, चाकं तापतात, अर्धा तास गाडी उभी केली की पुन्हा ठीक, आणि मेकॅनिक आता तिसरा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आणायला सांगतोय. तुमचं हे वाचलं आणि मला माझा पसरणी घाट आठवला. पाचगणीहून वाईला उतरताना निम्म्यात करपल्याचा वास आला. डाव्या चाकावर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर तव्यावर पडल्यासारखं चर्र झालं. (तेही करायला नको होतं, तापलेली डिस्क वाकते.)

बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) आहे का, रिम कॅलिपरला घासते का, हे बघितलंच असेल. मी घोळ घातला तो ड्रमचा जुना मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) तसाच ठेवून. ड्रमच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बहुधा एक चिमुकला व्हॉल्व्ह असतो. पाय काढला तरी तो लायनीत साधारण १० पीएसआय दाब अडवून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबरी कप हवा ओढत नाहीत. ड्रमला चालतं, शू मागे खेचायला दणकट स्प्रिंगा असतात. डिस्कला कुठली स्प्रिंग? पिस्टन मागे येतो तो सीलच्या ताणाने, तोही केसभर. एवढ्याशा दाबानेही पॅड घासत राहतात, ऑइल तापून फुगतं, की आणखी दाब. दोन कॅलिपर, एक होज (चाकाकडे जाणारी रबरी नळी) आणि चार महिने घालवले मी यात.

चाक जाम असतानाच जॅक लावा आणि कॅलिपरचं निपल (हवा काढायचा स्क्रू) जरासं सैल करा. ऑइल उकळतं असतं, तोंड लांब ठेवा. चाक सुटलं तर कॅलिपर निर्दोष, दाब मागे अडकलाय. नाही सुटलं तर पिस्टन आणि पिना बघा. पुढच्या खेपेला जाम झालं की मास्टर सिलिंडरपाशी नळी सैल करून बघा. तिथेच सुटलं तर व्हॉल्व्ह, नाहीतर पेडलची दांडी. दांडीला मिलिमीटरभर तरी खेळ हवा. तिथे न सुटता निपलपाशीच सुटत असेल तर होज आतून फुगलाय. व्हॉल्व्ह काढलात तरी फेकू नका, मागे ड्रमच आहेत, त्या नळीला तो लागतो.

मी मेकॅनिक नाही. ब्रेकचा मामला आहे, जाणकार माणूस शेजारी उभा करूनच हात घाला.

कागदांचं विचारलंत. गाडीतल्या फेरफारांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, म्हणून शहाण्यासारखा मी आधी आरटीओत विचारायला गेलो. एका खिडकीवर ‘लेखी अर्ज द्या’, दुसरीवर ‘कसला अर्ज? असा फॉर्मच नाही’, तिसऱ्या हेलपाट्याला ‘इन्शुरन्सवाल्यांना विचारा’. इन्शुरन्सला मात्र खरंच लेखी कळवा.

आणि राग मानू नका, पण गाडी फक्त रविवारी निघत असेल तर डिस्कची गरजच नव्हती. ड्रम गोल करून घेतलेले, लायनिंग चांगलं आणि ॲडजस्टमेंट वेळच्या वेळी, एवढ्यावर ती गाडी नीट थांबते. जुने ड्रम बॅकप्लेटसकट ठेवलेत ना? माझे ग्रीस लावून माळ्यावर आहेत.