आवाज खटकतोय? आधी ड्रम ऐक

पहिल्याच गाण्यात 'हा माणूस नाकातून का गातोय?' असं वाटलं ना? स्मॅशिंग पंपकिन्स हा अमेरिकन रॉक बँड ऐकताना माझंही तेच झालं होतं. त्यांचा गायक बिली कॉर्गनचा आवाज चिरका आहेच. तो पुढे गोड वाटेल असं आश्वासन मी देणार नाही.

सुरुवात १९९३ च्या 'सायमीज ड्रीम' या अल्बमपासून कर. १९९५ चा 'मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस' तब्बल २८ गाण्यांचा आहे. नवखे नेमकी त्यावरच उडी मारतात आणि अर्ध्यात दमतात.

- पहिल्या फेरीत गायकाला विसर. जिमी चेंबरलिनचे ड्रम पकड. दणका रॉकचा, पण हात जॅझचा. मग गिटार. एकावर एक कितीतरी थर चढवलेत, म्हणून ती भिंतीसारखी अंगावर येते. मोबाईलच्या स्पीकरवर त्या भिंतीचा नुसता चुरा ऐकू येतो, तेव्हा हेडफोन लाव.
- शफल बंद.
- दुसरी फेरी दोन दिवसांनी. आवाज 'पचवायचाच' म्हणून सलग तीनदा ऐकलंस तर फक्त चिडशील.

गाण्यांचे अर्थ आत्ताच शोधत बसू नकोस. आवाजाकडे आणखी एक वाद्य म्हणून बघ. गिटारच्या एवढ्या गदारोळात असा पातळ, धारदार आवाजच वर तरंगतो. भरदार गळा बुडाला असता, असं आपलं माझं मत.

तिसऱ्या फेरीनंतरही नाहीच जमलं तर खुशाल सोड. माझा एक मित्र कित्येक वर्षं हा अल्बम फक्त ड्रमसाठी लावतो, आणि कॉर्गनला अजून शिव्या घालतो.