'हार्ट ऑफ डार्कनेस' साम्राज्यशाहीविरुद्ध लिहिली आहे, तर तिला वंशवादी का म्हणतात?

तुम्ही विचारलंय, या कादंबरीतून काँगोतली लूट उघडी पाडणाऱ्या जोसेफ कॉनरॅडवरच वंशवादाचा आरोप कसा होऊ शकतो? माझ्या मते होऊ शकतो, आणि तो खराही आहे.

१८९० साली कॉनरॅड स्वतः काँगो नदीवर बोटीवर नोकरीला होता. तो सगळा मुलूख तेव्हा बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खाजगी जहागीर होता आणि परोपकाराच्या नावाखाली तिथून हस्तिदंत लुटला जात होता. १८९९मध्ये ही कादंबरी मासिकातून आली. तिच्यातले गळ्यात साखळ्या घातलेले मजूर, झाडाखाली मरायला सोडून दिलेली माणसं, ही पानं वाचताना मला अजूनही मध्येच थांबावं लागतं. कॉनरॅडचा संताप खोटा नव्हता.

पण १९७५ साली नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी अमेरिकेतल्या एका व्याख्यानात साधी गोष्ट दाखवून दिली: या पुस्तकात आफ्रिकी माणसं जवळजवळ बोलतच नाहीत. ओरडतात, नाचतात, मरतात. मोडक्या इंग्रजीतली दोन-चार वाक्यं त्यांच्या तोंडी येतात. त्यातलं एक वाक्य खाण्यासाठी माणूस मागण्याचं, दुसरं हस्तिदंत गोळा करणारा गोरा एजंट कर्ट्झ मेल्याची खबर देणारं. हे ऐकल्यावर मी पुस्तक पुन्हा काढलं आणि बॉयलर सांभाळणाऱ्या माणसापाशी अडकलो. तो शिकून तयार झालेला कामगार आहे, बोट त्याच्यामुळे चालते, आणि त्याची तुलना विजार घालून मागच्या पायांवर चालणाऱ्या कुत्र्याशी केलेली आहे. पहिल्या वाचनात मी ते वाक्य सहज ओलांडून गेलो होतो. याची मला लाज वाटते.

'हे कादंबरीतला निवेदक मार्लो म्हणतो, कॉनरॅड नाही', असा बचाव नेहमी केला जातो. तो मला पटत नाही. मार्लोला खोडून काढणारा दुसरा आवाज लेखकाने पुस्तकात कुठे ठेवलाय? लुटारूंचा राग येणं आणि लुटल्या गेलेल्यांना आपल्यासारखंच माणूस समजणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉनरॅडला पहिली जमली.

तरी पुस्तक टाळू नका. फक्त आधी अचेबे यांची १९५८ची 'थिंग्ज फॉल अपार्ट' वाचा. तिथे गावकरी वाद घालतात, म्हणी वापरतात, पंचांपुढे भांडणं मिटवतात, चुकतातही. गोरा जिल्हा कमिशनर अगदी शेवटच्या पानांत महत्त्वाचा होतो. ज्या ओकोंक्वोबरोबर आपण अख्खी कादंबरी जगलो, त्याच्यावर आपल्या नियोजित पुस्तकात एखादा परिच्छेद लिहिता येईल, असा विचार करत तो निघून जातो. त्यानंतर कॉनरॅड उघडा.