पोस्टिंग दूर, भाड्याचं घर खान्देशात

या वेळी जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली बहुतेक पत्रं फौजींच्या घरची आहेत, आणि प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: शिल्लक पैसा घरात घालावा का, आणि माणूस सीमेवर असताना ते घर सांभाळायचं कसं. सगळी पत्रं छापता आली नाहीत. निवडलेल्यांची उत्तरं देत आहोत.

पती हवालदार आहेत, नोकरी १३ वर्षं झाली. बँकेत आणि फौजेच्या भविष्य निर्वाह निधीत मिळून ८ लाख आहेत. जळगावला सासऱ्यांचा प्लॉट आहे, पुढे त्यांचं घर, मागे जागा रिकामी. दीर म्हणतात, नाशिकला २६ लाखांचा फ्लॅट घ्या, भाड्यात हप्ता निघेल. मला वाटतं, मागे दोन लहान बिऱ्हाडं काढावीत. — एक भगिनी, पाचोरा

ताई, भाड्यात हप्ता निघत नाही. मांडून बघा. ६ लाख रोख आणि २० लाख कर्ज धरलं, तर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण १७,३५० रुपये बसतो. भाडं ९,००० धरा. म्हणजे महिन्याला ८,३५० पदरचे. मुद्रांक आणि नोंदणीचे दीड-दोन लाख वेगळे. वर्षातला एक महिना घर रिकामं राहतं असंच धरावं, म्हणून भाडं ११ महिन्यांचं, ९९,००० रुपये. त्यातून सोसायटीचे १८,००० आणि घरपट्टी-रंगकामाचे १२,००० वजा करा. उरले ६९,०००. एकूण २८ लाखांवर हे जेमतेम अडीच टक्के झाले. निर्वाह निधीत सध्या ७.१ टक्के मिळतात, तेही घरबसल्या.

मागच्या जागेत २५० चौरस फुटांचं एक बिऱ्हाड १,६०० रुपये दराने ४ लाखांत उभं राहील असं धरू. ३,५०० भाड्याने ११ महिन्यांचे ३८,५००, खर्च ६,०००, हातात ३२,५००. हे आठ टक्क्यांच्या थोडं वर जातं. जागा घरची आहे म्हणून आकडा बरा दिसतो, हे विसरू नका. आणि पैसा निर्वाह निधीतून काढलात तर तिथले ७.१ टक्के बुडतील, फायदा एखाद्या टक्क्याचाच राहील. म्हणून बँकेतला पैसा आधी वापरा, निधीला हात लावू नका, आणि दोन नव्हे, एकच बिऱ्हाड काढा. दुसऱ्याचा विचार पहिलं सलग दोन वर्षं भाड्याने गेल्यावर करावा. आमच्या आकड्यांच्या जागी तुमच्या गल्लीतले दर घाला.

विटा उतरवण्याआधी मात्र एक गोष्ट बघाच. प्लॉट सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यावर तुमच्या पैशाने बांधलं, तरी उद्या वाटणी निघाली की जागेबरोबर खोल्यांचीही वाटणी मागितली जाईल. दीर-जाऊ आज कितीही चांगले असोत, मागच्या भागाचं नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र आधी करून घ्या. महापालिकेची बांधकाम परवानगीही घ्या. विनापरवानगी खोलीवर शास्ती लागू शकते आणि ती दरवर्षी घरपट्टीत येत राहते.

शहाद्याजवळ काळ्या मातीत भाड्याच्या खोल्या बांधायच्या आहेत. गवंडी म्हणतो, तीन फूट पाया पुरे. — एक निवृत्त सुभेदार

सुभेदारसाहेब, पुरे नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो, मग खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा पडतात. त्या कितीही बुजवा, पुढच्या जूनला पुन्हा उघडतात. पाया मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब घ्यावे लागतात. त्यांची खोली साधारण साडेतीन मीटर असते, म्हणजे माती हंगामानुसार हलते त्या थराच्या खाली. वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्यावरची काँक्रीटची तुळई, हवीच. जोत्यात खणलेली काळी माती परत भरू देऊ नका. मजुरी वाचवायला गवंडी हेच करतात आणि वर्षभरात फरशी बसते. भरणी मुरमाची करून, पाणी मारून, थराथराने ठोकून घ्यावी.

भाड्याच्या खोल्यांत आणखी एक धोका असतो. मोरीचं पाणी भिंतीलगत जिरलं की तेवढ्याच कोपऱ्याची माती फुगते. घराभोवती तीन-साडेतीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, आणि मोरीचा पाइप थेट गटारीपर्यंत न्या.

मे महिन्यात उघड्या स्लॅबखाली भाडेकरू टिकत नाही. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (चिनीमातीच्या फरशीचे तुकडे बसवलेला थर) किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, समोरासमोर खिडक्या ठेवा. कूलर खिडकीबाहेर बसेल असा कट्टा आणि वीजेचा पॉइंट बांधतानाच करा. प्रत्येक बिऱ्हाडाला महावितरणचा वेगळा मीटर घ्या. सबमीटरवरून वाद होतात, आणि बिल थकलं तर वसुली मूळ मीटरच्या मालकाकडून होते.

मी अरुणाचलला तैनात. धुळ्याचं घर १०० रुपयांच्या स्टँपवर ११ महिन्यांसाठी दिलं होतं. मुदत संपून वर्ष झालं, भाडेकरू हलत नाही. वडील म्हणतात, लाइट-पाणी तोडू. — एक नायक

दादा, लाइट-पाणी अजिबात तोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार तो गुन्हा आहे आणि मग बाजू तुमचीच लंगडी पडते.

चूक स्टँपपाशीच झाली. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकावर येतं.

तरी वाट बंद नाही. याच कायद्याचं कलम २३ खास सैन्यदलातल्या आणि निवृत्त मालकांसाठी आहे. घर स्वतःला किंवा कुटुंबाला राहायला खरोखर हवं असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तुम्ही सेवेत आहात आणि त्या भागात राहण्याजोगं दुसरं घर तुमच्याकडे नाही, असं अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं. युनिटमधून ते आत्ताच मागवा आणि धुळ्याच्या वकिलांमार्फत नोटीस पाठवा. दुसऱ्याला जास्त भाड्याने द्यायचं म्हणून ही वाट धरू नका. गरज खरी आहे का, हे तपासलं जातं.

पुढच्या वेळी नोंदणीकृत ‘लिव्ह अँड लायसन्स’च, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करारच करा. मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याला कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि नोंदणीकृत करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो. खर्च किरकोळ आहे: एकूण भाडं आणि अनामतीवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, आणि शहरी भागात १,००० रुपये नोंदणी फी, ग्रामीण भागात ५००. ६,००० भाडं, १८,००० अनामत आणि ११ महिने असतील तर मुद्रांक १७० रुपयांच्या आसपास येतो. आधार आणि अंगठ्यावर ही नोंदणी घरूनही होते. करार सुट्टीत असताना स्वतः करा आणि मुदत अशी ठेवा की ती पुढच्या सुट्टीतच संपेल. ११ चा आकडा काही देवाने दिलेला नाही, १४ किंवा २२ महिनेही चालतात. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्या आणि भाडं फक्त बँक खात्यात घ्या.

मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेत चोपड्याला प्लॉट घेऊन टाकू का? — एक शेतकरी वडील

आबा, थांबा. सेवा निधीचे १०.०४ लाख अधिक व्याज, म्हणजे सुमारे ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. पण पेन्शन आणि ग्रॅच्युइटीही नाही. प्लॉट भाडं देत नाही आणि गरजेच्या दिवशी लवकर विकलाही जात नाही. निवड कायम सेवेत झाली नाही, तर पोराला पुन्हा उभं राहायला वेळ लागेल. दीड वर्षाचा घरखर्च आणि शिक्षणाचा पैसा आधी बाजूला काढा. प्लॉटचा विचार त्याला काम लागल्यावर करा, तेव्हाही जमीन बिनशेती असल्याचा कागद आणि मंजूर लेआउट पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

दर दोन-तीन वर्षांनी बदली, दोन ठिकाणी चूल. शिल्लक कशी टाकावी? — एक गृहिणी, चाळीसगाव

ताई, महागाई भत्ता साधारणपणे जानेवारी आणि जुलैपासून वाढतो. त्या वाढीतला अर्धा भाग निर्वाह निधीची वर्गणी वाढवून तिकडेच वळवा. हातात आलाच नाही तर खर्च होणार नाही. कँटीनमध्ये स्वस्त मिळतं म्हणून फ्रिज-गाडी बदलू नका, बदलीत तेच सामान ट्रकभाडं खातं. तूर, उडीद, मिरची हंगामात गावाकडूनच वर्षाची भरा. आणि घरभाडं येत असेल तर ते वेगळ्या खात्यात ठेवा. त्यातून घरपट्टी, दुरुस्ती आणि रिकाम्या महिन्याची तरतूद होते, किराणा नाही.

भाडं पत्नीच्या खात्यात घेतलं तर कर वाचतो का? — एक वाचक, भुसावळ

घर तुमच्या पैशातून घेतलेलं असेल तर नाही, ते उत्पन्न तुमच्याच नावे धरलं जातं. तसाही भार कमी असतो. वर्षाचं भाडं ६०,००० आणि तुम्ही भरलेली घरपट्टी २,४०० असेल, तर उरलेल्या ५७,६०० वर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि करपात्र फक्त ४०,३२० राहतात. विवरणपत्रात ते दाखवा आणि घरपट्टीची पावती जपून ठेवा. वर्षात प्रत्यक्ष भरलेल्या घरपट्टीचीच वजावट मिळते, थकलेल्या घरपट्टीची नाही.