बैठका पाचशे, उडी तेवढीच

या खेपेला आलेल्या पत्रांत व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांचीच गर्दी आहे, आणि तक्रार जवळपास एकच: घाम भरपूर गाळतोय, उडी काही वाढत नाही. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : वय २१. लहानपणापासून तालमीत जातो. रोज ५०० बैठका मारतो. तरी ब्लॉकला, म्हणजे समोरच्याचा स्मॅश नेटवर अडवायला, उडालो की नेटच्या वर जेमतेम मनगट येतं. काय चुकतंय? (कराड)

बैठकांना मी नावं ठेवणार नाही, माझेही पाय त्यांच्यावरच घडलेत. पण विचार करा: जो पाचशेवी बैठक मारू शकतो, त्याच्या पायांना पहिली बैठक किती जड गेली असेल? काहीच नाही. तुम्ही दम वाढवलात, जोर नाही. कुस्तीत दम लागतो. उडी मारताना मात्र जमीन ढकलायला पायांना पाव ते एक तृतीयांश सेकंद मिळतो, बस्स. तेवढ्यात जेवढा जोर लागेल तेवढीच उडी.

म्हणून आधी जोर वाढवा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचा खंड ठेवून, बारबेल, म्हणजे वजनाची दांडी, खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे बैठक. वजन असं निवडा की पाच स्क्वॉट मारल्यावर अजून दोन निघतील असं वाटावं, पण चार नाही. असे चार सेट, आणि प्रत्येक सेटनंतर तीन मिनिटं विश्रांती. तालमीतल्या पोरांना तीन मिनिटं बसून राहणं म्हणजे अपमान वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी बसा. धापा टाकत मारलेला सेट पुन्हा दमाचाच व्यायाम होतो. जोडीला डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरची बारबेल उचलत उभं राहणं, आणि पोटऱ्यांसाठी वजन घेऊन टाचा उचलणं.

जिम नसेल तर मागचा पाय कट्ट्यावर ठेवून एका पायाची बैठक मारा, छातीशी तांदळाचं २५ किलोचं पोतं धरून. प्रत्येक पायावर सहा. पाचशेचा माज सहाव्याला उतरतो.

दुसरी अर्धी गोष्ट म्हणजे जोर पटकन लावता येणं. त्यासाठी त्याच दिवशी, वजनाच्या आधी, पाय ताजे असताना पूर्ण ताकदीच्या उड्या : तीन-तीनचे पाच सेट. हातांचा झोका मागून पुढे जोरात येऊ द्या. हात कमरेवर ठेवून एकदा उडून बघा, मग झोक्याची किंमत कळेल. बैठका सोडवत नसतील तर ५० मारा, वॉर्मअप म्हणून.

प्रश्न : भिंतीवर खडूने खूण करून उडी मोजतो, पण रोज वेगळा आकडा येतो. नेमकी मोजायची कशी? (अहिल्यानगर)

खूण करताना खांदा कधी जास्त ताणला जातो, कधी कमी, म्हणून आकडा हलतो. मोबाइलचा स्लो मोशन वापरा. कॅमेरा जमिनीलगत ठेवा आणि सेकंदाला २४० फ्रेमवर चित्रण करा. पाय सुटल्याच्या फ्रेमपासून पाय टेकल्याच्या फ्रेमपर्यंत मोजा. समजा १४४ फ्रेम भरल्या, म्हणजे तुम्ही ०.६ सेकंद हवेत होता. ०.६ चा वर्ग ०.३६, त्याला १२२.६ ने गुणा : ४४ सेंटिमीटर. दोन फ्रेमची चूक झाली तर फरक साधारण सव्वा सेंटिमीटरचा पडतो, तेवढा चालतो.

एक लबाडी मात्र करू नका. गुडघे पोटाशी घेऊन उतरलात तर पाय उशिरा टेकतात आणि फोन फुकटचे सेंटिमीटर देतो. पाय सरळ असतानाच चवड्यावर टेका, मग गुडघे वाकवा. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे.

प्रश्न : गुडघ्याच्या वाटीच्या खाली बोटाएवढ्या जागी दुखतं. खेळताना गरम झालं की थांबतं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो. महिनाभर पूर्ण विश्रांती घेतली, खेळायला लागल्यावर पुन्हा तेच. (सांगली)

तुम्ही सांगताय ती लक्षणं ‘जम्पर्स नी’ची वाटतात. वाटीला नडगीशी जोडणारी जी जाड दोरी असते, तिला झेपेल त्यापेक्षा जास्त काम पडलंय. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून खात्री करा. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा रात्री झोपेतून दुखून जाग येत असेल तर आधी डॉक्टर.

विश्रांतीने का भागलं नाही? कारण महिनाभर काम न पडल्याने ती दोरी आणखी दुबळी झाली, आणि पहिल्याच दिवशी तुम्ही तिच्यावर जुनाच भार टाकलात. तिला काम द्यायचंच, पण सावकाश. सुरुवातीला भिंतीला पाठ टेकून, अदृश्य खुर्चीत बसल्यासारखं ४५ सेकंद थांबा, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विसावा. दुखणं शांत व्हायला लागलं की वजन घेऊन स्क्वॉट, पण तीन सेकंदांत खाली आणि तीन सेकंदांत वर. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं कालच्यापेक्षा वाढलेलं नसावं. तेल चोळल्याने बरं वाटतं, जरूर चोळा, पण दोरी तेलाने मजबूत होत नाही. तीन महिने तरी धरून चाला.

आणि उड्या मोजा. सरावात किती वेळा स्मॅशला, किती वेळा ब्लॉकला आणि किती वेळा जंप सर्व्हिसला उडालात, हे मित्राला काडी मारून लिहायला सांगा. पहिल्या दिवशीचा आकडा बघून बहुतेकांचे डोळे पांढरे होतात. सेटर मंडळींनीही मोजावं, उडून पास देणाऱ्याच्या उड्या कुणाच्या हिशोबातच नसतात.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, शाळेच्या संघात आहे. सर वजनं उचलायला सांगतात. सासूबाई म्हणतात, उंची खुंटेल. (नाशिक)

ताई, नीट शिकवणारं कुणी समोर उभं असेल तर वजनाच्या व्यायामाने उंची खुंटत नाही. स्मॅश मारून खाली येताना तिच्या पायांवर तिच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्यापुढे हातातले पाच किलोचे डंबेल म्हणजे काहीच नाही. अपघात होतात ते देखरेखीशिवाय, पैजेवर वजनं उचलताना.

सरांना एक विचारा : उतरायला शिकवता का? वयात येणाऱ्या मुलींचे गुडघे उतरताना आत वळतात आणि तिथेच लिगामेंट तुटायची भीती असते. पायरीवरून खाली उडी मारायला सांगा आणि समोरून बघा. गुडघे एकमेकांकडे झुकले तर वजनाआधी ते दुरुस्त करायचं. खाणं पोटभर हवं. पाळी सुरू होऊन काही महिने बंद पडली तर ते ‘खेळामुळे होतंच’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पायाला वजनाच्या पट्ट्या बांधून दिवसभर वावरलो तर उडी वाढेल का? (लातूर)

नाही. चाल बिघडेल.

प्रश्न : आमचे कोच साडेतीन-चार फुटांच्या कट्ट्यावरून खाली उडी मारून लगेच वर उडायला लावतात, रोज ५०. म्हणे रशियन पद्धत आहे. (मडगाव)

पद्धत सोव्हिएतच आहे, युरी व्हेर्खोशान्स्की यांची. पण त्यांचे खेळाडू आधी वजनं उचलून तयार झालेले होते आणि उड्या मोजून मापून दिल्या जात. आपल्याकडे पद्धतीतला कट्टा आला, मोजमाप सोव्हिएत संघातच राहिलं. विशीत मीही पाण्याच्या टाकीवरून असल्या उड्या रोज मारल्या आहेत. उडी वाढली नाही, डावा गुडघा मात्र अजून पावसाळ्यात आठवण करून देतो.

या व्यायामाचा जीव जमिनीवरच्या क्षणात आहे. स्नायू आणि दोऱ्या खाली येताना रबरासारख्या ताणल्या जातात आणि लगेच सुटल्या तरच तो ताण उडीत उतरतो. कट्टा फार उंच असला की पाय जमिनीवर रेंगाळतात, टाचा आपटतात आणि रबराचा खेळ संपतो. १ फुटापासून सुरुवात करा. टेकल्याचा आवाज ‘टप्’ हवा, ‘धप्प’ आला की कट्टा कमी करा. आठवड्यातून दोनदा, एका वेळी २० पुष्कळ झाल्या, आणि स्पर्धेच्या आधीचे चार दिवस अजिबात नाही.

तुमच्याकडे समुद्र आहे, म्हणून जाता जाता : वाळूत उड्या मारल्या तर आपटणं कमी होतं, पाय दमदार होतात, दुखऱ्या गुडघ्यांना ती बरी. पण वाळू तो ‘टप्’ गिळून टाकते. कोर्टवर खेळणाऱ्याने आठवड्यातला एखादाच दिवस वाळूला द्यावा. कोचना हे सांगायला संकोच वाटत असेल तर हा अंक त्यांच्या टेबलावर विसरून या.