काउबॉय घालतात ते ‘चॅप्स’ की ‘शॅप्स’? बरोबर उच्चार कोणता?

तुम्ही मे महिन्यात अमेरिकेतल्या मोंटानाच्या एका रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यावर, आठवडाभर घोडेस्वारीला जाणार आहात. तिथल्या बाई फोनवर ‘शॅप्स (पँटवरून पायांना बांधायचं चामडं) आणा’ म्हणाल्या आणि पुण्यात तुम्हाला शिकवणारे सर मात्र ‘चॅप्स’ म्हणतात. म्हणून हा प्रश्न. थेट सांगायचं तर तिथे गेल्यावर ‘शॅप्स’च म्हणा. सरांचंही चूक नाही, त्यांच्याकडे शब्द इंग्लंडच्या वाटेने आलाय आणि तिकडे ‘च’च चालतो. अमेरिकन शब्दकोशांत दोन्ही उच्चार मिळतील. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडे जे घोड्यावर बसून गुरं वळतात त्यांच्या तोंडी ‘श’ आहे, आणि त्याला कारण आहे.

मी दक्षिण अ‍ॅरिझोनात चार वर्षं होते. शनिवार-रविवार एका रँचवर कामाला हात लावायचा आणि त्या बदल्यात घोडा शिकायचा, असा माझा क्रम होता. पहिल्याच दिवशी मी ‘चॅप्स’ म्हटलं. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमाने काही न बोलता खुंटीवरची एक जोडी काढली, माझ्या कमरेला लावता लावता ‘शॅप्स’ म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. ती जोडी अजून डोळ्यांपुढे आहे. जाड चामडं, मांडीपासून घोट्यापर्यंत पाय झाकणारं, बैठकीच्या जागी मोकळं. मागे पट्ट्याला दणकट बक्कल, पुढे मात्र नुसती बारीक चामडी वादी. मला वाटलं, ही तुटायला आलीय. तो म्हणाला, तुटावी म्हणूनच बारीक असते. स्वार पुढे फेकला गेला आणि खोगिराच्या हॉर्नमध्ये, म्हणजे पुढच्या उभ्या खुंटात, पट्टा अडकला, तर वादी तुटते आणि माणूस लटकत राहत नाही. तुम्हाला तिथे जोडी मिळाली की पुढची बाजू नक्की बघून घ्या. कुणी हौसेने तिथे जाड पट्टा शिवला असेल तर ती जोडी घेऊ नका.

आता शब्दाकडे. हे ‘चापार्रेरास’ या मेक्सिकन स्पॅनिश शब्दाचं तोडलेलं रूप. ‘चापार्रो’ म्हणजे खुरटं, काटेरी-झुडपी ओक. त्याचं रान ते ‘चापार्राल’. त्या रानातून गुरांमागे घोडा घालायचा तर पाय सोलवटून निघतात, म्हणून हे चामडं. काट्यांची कल्पना तुम्हाला सहज येईल: अ‍ॅरिझोनात पायाला सगळ्यात जास्त ओरबाडतं ते मेस्कीट, आणि आपल्या माळांवर माजलेली वेडी बाभूळ ही त्याचीच बहीण. नुसत्या जीन्सच्या पँटवर त्यात दहा मिनिटं घोडा चालवला की पायांवर ओरखडे उठतात. (इंग्रज माणूस मित्राला ‘चॅप’ म्हणतो त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. हा गोंधळ मी बऱ्याच जणांचा पाहिलाय.)

स्पॅनिशमध्ये हा ‘च’ खणखणीत च आहे. मग ‘श’ कुठून आला? काहीजण फ्रेंचकडे बोट दाखवतात, शॅम्पेनसारखा. मला ते पटत नाही. मेक्सिकोच्या उत्तरेला, चिवावा आणि सोनोरा या राज्यांत, लोक बोलताना ‘च’चा ‘श’ करतात. चिवावाचा माणूस आपल्या गावाचं नाव ‘शिवावा’ असं सांगतो. आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येला गुरं राखण्याची विद्या आली ती नेमकी या उत्तरेकडच्या बाकेरो, म्हणजे घोड्यावरच्या मेक्सिकन गुराख्यांकडून. यातला बराचसा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मेक्सिकोचाच होता. टेक्सासच्या पोरांनी शब्द पुस्तकात वाचला नाही. शेजारी घोड्यावर बसलेल्या माणसाकडून ऐकला, आणि ऐकला तसा उचलला. पूर्वेकडे आणि इंग्लंडमध्ये तो छापील अक्षरांतून पोचला असावा, म्हणून तिथे ‘च’.

कानाने उचललेले असे शब्द त्या धंद्यात पावलोपावली आहेत. ‘बाकेरो’चं नेवाडा-ओरेगनकडे ‘बकरू’ झालं. ‘ला रेआता’, म्हणजे दोर, त्याचं ‘लॅरिएट’. घोड्याच्या केसांचा वळलेला दोर ‘मेकाते’, त्याचं तर चक्क ‘मॅकार्टी’ हे आयरिश आडनाव झालं! मला हे शब्द फार प्रिय आहेत. ते ज्यांनी शिकवले त्या मेक्सिकन स्वारांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत, पण त्यांचा आवाज या शब्दांत राहिलाय.

आपल्याकडेही तेच झालंय. फारसी ‘रिकाब’ आपल्या स्वारांच्या तोंडी ‘रिकीब’ झाली. ‘ज’ची गंमत तर अजून बारीक आहे. फारसीत ‘ज़मीन’ आणि ‘ज़ीन’ दोन्हींत एकच ध्वनी. मराठीत ‘जमीन’ म्हणताना आपण जीभ दातांशी नेतो, पण खोगीर या अर्थाच्या ‘जीन’ला ती टाळूकडे वळते, कारण पुढे ‘ई’ आली की मराठी जीभ तो दातांजवळचा ज उच्चारतच नाही. त्यावरूनच ‘जिनगर’, खोगिरं करणारा. मोठ्याने म्हणून बघा. यात पुण्याच्या जिनगराने फारसी चुकवली असं आपण म्हणत नाही. मग टेक्सासच्या गुराख्याने स्पॅनिश चुकवली असंही म्हणू नये.

एक व्यवहाराची गोष्ट. आठवडाभरासाठी पूर्ण लांबीची जोडी विकत घेऊ नका, महाग पडते आणि मांडीच्या मापाला बसली नाही तर त्रासच. रँचवर उसनी मिळते का ते त्या बाईंना विचारा. पूर्ण लांबीची फार गरम किंवा जड वाटली तर ‘चिंक्स’ मागा. ती गुडघ्याच्या जराशी खाली संपते, झालर असते, चालताना अडकत नाही. आणि हो, चिंक्समध्ये ‘च’च म्हणायचा.